सटवाईच्या दोन दिवस आधी

उजनीकाठच्या गावांत पाचवीच्या रात्री सटवाई येते. भिंतीशी पाटा-वरवंटा मांडलेला असतो, हळदकुंकू वाहिलेलं असतं, दिवा रात्रभर जपलेला असतो आणि काही घरांत शेजारी एक कोरा कागद नि पेनही ठेवलेलं असतं. घर निजलं की ती येते, बाळाच्या कपाळी काय लिहायचं ते लिहिते आणि जाते. लिहिलेलं कुणालाच वाचता येत नाही.

आता दिवस मोजा. पाचवीच्या दोन दिवस आधी, म्हणजे तिसऱ्या दिवशी, त्याच घराच्या उंबऱ्यात आणखी एक बाई येऊन उभी राहते. गावातलीच, कुणाची तरी सून. खांद्यावरच्या पिशवीत झोळीचा वजनकाटा, थर्मामीटर, घड्याळ, एक ब्लँकेट. ती आधी साबणाने हात धुते आणि पदराला न पुसता हवेवर वाळू देते. मग बाळाला अंगावरच्या कपड्यातून थोडं थोडं मोकळं करत डोक्यापासून टाचेपर्यंत बघते. आशाताईला फॉर्म भरायचाच असतो, पण ती लिहायला कमी आणि वाचायला जास्त आलेली असते. सटवाईच्या आधीच बाळाच्या अंगावर जे लिहून झालेलं आहे, ते वाचायला.

मला या वाचनाचं फार नवल वाटतं. ज्याला सांगता येत नाही, दाखवता येत नाही, दुखतंय कुठे हे ज्याचं त्यालाच ठाऊक नाही, अशा तीन किलोच्या जिवाची तपासणी करायची आणि हातात यंत्रं म्हणावीत तर जवळजवळ नाहीतच. आधी प्रसूतिगृहातली सिस्टर, मग उपकेंद्रातली नर्सबाई, मग ही आशाताई, असे तीन जणींचे हात या बाळावरून फिरतात. त्या हातांना काय शिकवलेलं असतं, ते थोडं उलगडून बघू.

सुरुवात पाण्यापासून करावी लागते आणि पाण्याची गोष्ट या काठाला कुणी वेगळी सांगायला नको. भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पुरं झालं आणि करमाळा, माढा, इंदापूर, दौंड, कर्जत या तालुक्यांतली कितीतरी गावठाणं त्याच्या जलाशयाच्या, यशवंतसागराच्या पोटात गेली. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. पाणी मृतसाठ्याच्या रेषेखाली उतरलं की इथली माणसं म्हणतात, उजनी मायनसमध्ये गेली. २०२४ च्या उन्हाळ्यात ती वजा ५० टक्क्यांच्याही खाली गेली होती. असं पाणी हटलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, जुन्या वाटा दिसतात, घरांची जोती दिसतात. जे इतके दिवस होतं पण दिसत नव्हतं, ते पाणी ओसरल्यावर कळतं.

नवजात बाळाचं काळीज नेमकं असंच आहे. आईच्या पोटात बाळाची फुप्फुसं द्रवाने भरलेली असतात, त्यांना काम नसतं. प्राणवायू वारेतून नाळेवाटे येतो. मग कामच नसलेल्या फुप्फुसांकडे सगळं रक्त कशाला पाठवायचं? म्हणून काळजाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये एक झडपेची खिडकी असते आणि फुप्फुसाकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी नि अंगभर जाणारी महाधमनी यांना जोडणारी एक आडवाट असते. बहुतेक रक्त या दोन वाटांनी फुप्फुसांना वळसा घालून जातं. बाळ बाहेर येतं, पहिला टाहो फोडतं, फुप्फुसांत हवा शिरते, आतला द्रव शोषला जातो, आणि काही मिनिटांत रक्ताचा सगळा पाट बदलतो. खिडकीची झडप दाबाने मिटते. आडवाट मात्र सावकाश आकसते, साधारण पहिल्या दोन-तीन दिवसांत. एखाद्या कालव्याचं दार बंद करून दुसऱ्याचं उघडावं तसं, फक्त इथे पाटकरी कुणी नाही.

आणि खरी मेख इथेच आहे. काही बाळांच्या काळजात जन्मतःच मोठा दोष असतो, पण ती आडवाट उघडी आहे तोवर बाळ तिच्यावर निभावून नेतं. गुलाबी दिसतं, दूध ओढतं. वाट बंद होऊ लागली की दोष वर येतो, पाणी हटल्यावर देऊळ वर यावं तसा. म्हणून जन्मल्या जन्मल्या ‘बाळ एकदम छान आहे’ म्हणून एकदा सांगितलं की संपलं, असं होत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचं, घरी गेल्यावर पुन्हा बघायचं. जिथे पल्स ऑक्सिमीटर आहे तिथे सिस्टर एक साधीच पण विलक्षण हुशारीची गोष्ट करते: बाळ एक दिवसाचं झालं की उजव्या हातावर प्राणवायूचं प्रमाण मोजते, मग एका पायावर. उजवाच हात का? कारण उजव्या हाताला जाणारं रक्त महाधमनीतून त्या आडवाटेच्या आधीच फुटतं आणि पायाकडे जाणारं तिच्या पुढून. आकडा ९५ च्या खाली असला किंवा हातापायांत तीनहून जास्त फरक पडला तर पुन्हा मोजायचं, आणि तरी तसंच आलं तर काळजाचा डॉक्टर गाठायचा. मधगावच्या पाटावर एक माणूस आणि शेवटच्या गावच्या पाटावर एक माणूस उभा करून पाणी कुठे मुरतंय ते शोधावं, तशी ही युक्ती.

यंत्र नसेल तेव्हा? तेव्हा जीभ. नवजात बाळाचे तळहात-तळपाय पहिल्या दिवशी निळसर असू शकतात, त्याने घाबरायचं नाही. ओठ आणि जीभ निळी दिसली तर मात्र एक क्षण दवडायचा नाही. मांडीच्या सांध्यात दोन बोटं टेकून नाडी लागते का ते बघायचं. ती लागलीच नाही, किंवा हाताच्या नाडीपेक्षा फार क्षीण लागली, तर महाधमनी कुठेतरी चिंचोळी असू शकते. बोटाच्या पेराएवढ्या जागेत ही नाडी सापडायला शिकणाऱ्या मुलीला कितीतरी बाळं लागतात, असं प्रसूतिगृहात काम केलेल्या कुणीही सांगेल.

शिकवायची रीतही मोठी मजेची. शिकणाऱ्या सिस्टरला पहिली गोष्ट सांगतात ती ही, की हात लावू नकोस. आधी बघ. बाळ निजलेलं आहे तोवर श्वास मोज, रंग बघ, हातपाय दोन्हीकडे सारखे हलतात का बघ. मग हात चोळून ऊबदार कर आणि स्टेथोस्कोप टेक. ज्याने बाळ रडतं ते सगळं, तोंडात बोट घालून टाळा बघणं, खुब्याचे सांधे फिरवणं, अगदी शेवटी. कारण एकदा बाळाने सूर लावला की काळजाचा आवाजही ऐकू येत नाही नि श्वासही मोजता येत नाही. पुस्तकात तपासणी डोक्यापासून पायापर्यंत छापलेली असते; प्रत्यक्षात ती बाळाच्या मर्जीने चालते.

जन्मलेलं बाळ रडलंच नाही तर काय करायचं, याचा सराव बाहुलीवर होतो. त्यातली एक बाहुली तर आत कोमट पाणी भरून वापरतात. पाणी भरलं की ती खऱ्या बाळासारखी जड होते, मान टाकते, हातातून निसटू बघते. नाळेला रबरी फुगा जोडलेला असतो, शिकवणारी तो दाबते तसे नाळेत ठोके लागतात. नॅपकिनने कोरडं करायचं, पाठ चोळायची, श्वास नाही तर पहिल्या मिनिटाच्या आत पिशवी-मास्कने हवा द्यायची. आपल्याकडे २००९ मध्ये नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून प्रसूतिगृहातल्या सिस्टर हे गिरवत आल्या. बाळ तपासण्याचं पहिलं गुणपत्रकही या मिनिटात भरलं जातं. न्यूयॉर्कच्या व्हर्जिनिया अपगार या भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी १९५२ मध्ये ते मांडलं: रंग, ठोके, चिमटा-चाळवणीला प्रतिसाद, हातापायांतली ताकद, श्वास. प्रत्येकी दोन गुण. पहिल्या मिनिटाला एकदा, पाचव्याला पुन्हा. दहापैकी दहा मिळवणारी बाळं थोडीच असतात, कारण हातपाय जरा तरी निळे राहतातच. आयुष्यातली ही पहिली परीक्षा, आणि पैकीच्या पैकी गुणांचा आग्रह धरायला तिथे कुणी पालक नसतो, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

श्वास मोजणं वरवर सोपं वाटतं. करून बघा. नवजात बाळ एका लयीत श्वास घेत नाही. पाच-सहा भराभर घेतं, मग चक्क थांबतं, पुन्हा सुरू करतं. म्हणून पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची आपली नेहमीची चलाखी इथे साफ फसते. पुरं एक मिनिट मोजायचं. ६० किंवा त्याहून जास्त भरले तर पुन्हा एक मिनिट मोजायचं. दुसऱ्यांदाही तितकेच आले, किंवा प्रत्येक श्वासाला छातीचा खालचा भाग आत खोल ओढला जात असला, तर ती धोक्याची खूण. आपल्याकडे आज्या म्हणतात, पोट उडतंय. आज्या बघायच्या ते बरोबर जागी बघायच्या, फक्त मोजायच्या नाहीत.

मोजायला शिकवण्याचं मोठं काम आपल्याच राज्यात झालं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था काढली. तिथल्या खेड्यांत बाळंतपणं बहुतेक घरीच होत, आणि जन्मल्यापासून महिन्याच्या आत जाणारी बाळं मोजली तेव्हा आकडा हादरवणारा निघाला, हजारी साठाच्या घरात. त्यांनी ३९ गावांत थोडं शिकलेल्या बायका निवडल्या, त्यांना आरोग्यदूत म्हटलं. बाळाचं वजन, तापमान, श्वास, दूध ओढणं, नाळ, हे सगळं त्या घरोघरी जाऊन बघू लागल्या. जंतुसंसर्गाची खूण पटली आणि घरच्यांनी होकार दिला तर इंजेक्शनही त्याच देत. यावरून वाद झाला, होणारच होता. तिसऱ्या वर्षी शेजारच्या, हे काम नसलेल्या गावांशी ताडून पाहिलं तर नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झालेले होते. १९९९ च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. आकडे नीट न येणाऱ्या बायकांसाठी तिथे श्वास मोजायचं एक साधन केलं होतं. एका मिनिटाची वाळू आणि मण्यांची रांग. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याला बोट लागलं, की औषध. सगळा न्यूमोनिया मण्यांच्या माळेत ओवला होता.

उजनीकाठाला याहूनही जवळचं उदाहरण आहे. करमाळ्याच्या शेजारच्याच जामखेड तालुक्यात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावोगावच्या, पुष्कळशा निरक्षर आणि दलित बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. त्या बाया बाळंतपणं करू लागल्या, बाळं तपासू लागल्या. या दोन्ही अनुभवांचं देणं पुढे देशाच्या आशा योजनेला लागलं. २०११ पासून आशाताईने नवजात बाळाच्या घरी जायचं ठरलं. दवाखान्यात जन्मलेलं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरीच जन्मलं असेल तर पहिल्या दिवशीही. सगळ्या भेटींचे मिळून २५० रुपये. हा आकडा मी मुद्दाम लिहिला आणि त्यावर काही बोलत नाही.

पण इतक्या वेळा कशाला? त्याचं उत्तर तिला पाठ करायला लावलेल्या खुणांमध्ये आहे, आणि मला तर तो सगळ्यात सुंदर भाग वाटतो. बाळ आधी नीट ओढायचं, आता ओढत नाही. आधी जोरात रडायचं, आता क्षीण रडतं किंवा रडतच नाही. हातपाय आधी आकसलेले असायचे, आता लुळे पडलेत. ‘आधी’ आणि ‘आता’. बाळाची तुलना पुस्तकातल्या बाळाशी नाही, त्याच बाळाच्या कालच्या रूपाशी. म्हणून ज्या बाईने तिसऱ्या दिवशी त्याला पाहिलंय तिलाच सातव्या दिवशीचा फरक कळतो, आणि आई सांगते ते ऐकून घेणं हा तपासणीचाच भाग ठरतो. ‘बाळ आज मलूल वाटतंय’ हे आईचं वाक्य थर्मामीटरच्या आकड्याइतकंच वजनाचं धरायचं असतं.

वजनाचा विषय निघालाच आहे तर. काट्याला आधी रिकामी झोळी अडकवून तो शून्यावर आणायचा, मग बाळ. तिसऱ्या दिवशी काटा जन्मापेक्षा कमी दाखवतो आणि घरात गलका होतो. आईला दूधच येत नाही, वरचं पाजा, मध चाटवा. खरं म्हणजे बाळ पाण्यातून आलेलं आहे. अंगातलं जास्तीचं पाणी जातं, पहिली काळी शी जाते, आणि पहिल्या आठवड्यात दहा टक्क्यांपर्यंत वजन उतरू शकतं. साधारण दहा ते चौदा दिवसांत ते जन्माच्या आकड्यावर परत येतं. तीन किलोचं बाळ दोन किलो आठशेवर आलं तर ती रीत झाली. दोन सहाशेवर आलं तर काहीतरी बिनसलंय, आईच्या दुधाची पकड नीट बसत नसेल, तिच्याजवळ बसून ती बसवून द्यावी लागेल. उजनीकाठच्या बाईला हे समजावणं सोपं असणार. बाळ मायनसमध्ये गेलंय, म्हणायचं. पाऊसकाळ लागला की भरतं.

कावीळ ओळखणं हे तर निव्वळ उजेडाचं काम. पोटात असताना बाळाला प्राणवायू बेताचाच मिळतो, म्हणून त्याच्या रक्तात तांबड्या पेशी भरपूर असतात. बाहेर आल्यावर इतक्यांची गरज उरत नाही, त्या मोडीत निघतात, त्यांतून पिवळं द्रव्य सुटतं आणि कोवळ्या यकृताला ते उपसायला वेळ लागतो. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चेहरा पिवळसर होणं पुष्कळ बाळांत होतं. क्रेमर नावाच्या डॉक्टरने १९६९ मध्ये दाखवून दिलं की हा पिवळेपणा वरून खाली उतरत जातो: चेहरा, छाती, पोट, मांड्या, शेवटी तळहात आणि तळपाय. बोटाने कातडी दाबायची, रक्त क्षणभर हटतं, खालचा रंग दिसतो. तळपाय पिवळे दिसले, किंवा जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आतच पिवळेपणा आला, तर लगेच दवाखाना. पण हे सगळं बाळंतिणीच्या खोलीत कसं दिसायचं? खिडकी बंद, पडदा ओढलेला, बल्ब पिवळा. त्या उजेडात गोरं, सावळं, पिवळं सगळं एकच. म्हणून शिकलेली बाई बाळाला उचलते आणि दाराशी नेते. घरच्या म्हाताऱ्यांना ते वारा लागेल म्हणून पटत नाही. ‘आत्या, दोन मिनिटं उजेडात बघते अन् देते,’ एवढं म्हणून तिला तो उंबरा जिंकावा लागतो.

उजेडावरून एक सांगायलाच हवं. इंग्लंडातल्या एसेक्समध्ये रॉचफर्डच्या इस्पितळात सिस्टर वॉर्ड नावाच्या परिचारिकेकडे कमी दिवसांच्या बाळांचा विभाग होता. बाळांना कोवळं ऊन-वारा मिळावा म्हणून ती त्यांना अंगणात न्यायची. १९५६ च्या उन्हाळ्यात तिने डॉक्टरांना एक बाळ उघडून दाखवलं. सगळं अंग फिकट, आणि चादरीचं टोक पडलं होतं तेवढाच तिकोनी पट्टा पिवळाधमक. डॉक्टरांना आधी तो रंगच लावल्यासारखा वाटला. पण उजेड लागला तिथली कावीळ उतरली होती, झाकलं तिथली राहिली होती. १९५८ मध्ये क्रेमर नव्हे, क्रीमर नावाच्या डॉक्टरने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिव्याखालचे उपचार छापले. आज सोलापूरच्या सरकारी रुग्णालयात निळ्या दिव्याखाली डोळ्यांवर पट्टी बांधून निजलेलं बाळ दिसतं, त्याच्या मुळाशी एका सिस्टरची नजर आहे. (याचा अर्थ कावीळ झाली की बाळाला उन्हात टाकावं असा नाही, निळ्या दिव्याचं माप ठरलेलं असतं, उन्हाचं नसतं, आणि उन्हाने बाळ भाजतं.)

काही गोष्टी अशा, की वाचता आल्या तर बाळाचं वयच सांगतात. गावात पाळी चुकल्याची तारीख पुष्कळ जणींना नेमकी ठाऊक नसते. पंचमीला चुकली की गौरीला, यावरून हिशेब चालतो. बाळाचा तळपाय मात्र नेमका असतो. फार लवकर जन्मलेल्या बाळाचा तळवा गुळगुळीत. आठवडे भरत जातात तशा बोटांकडून टाचेकडे सुरकुत्या उमटत जातात, आणि पुऱ्या दिवसांच्या बाळाचा तळवा नांगरलेल्या वावरासारखा भरलेला असतो. कानाची पाळी दुमडून सोडायची. कोवळ्या बाळाची तशीच दुमडलेली राहते, पुऱ्या दिवसांच्या बाळाची टणकन उभी राहते, कारण आत कूर्चा तयार झालेली असते. कमरेवर, ढुंगणावर निळसर डाग असले तर ते मार लागल्याचे नव्हेत, दवाखान्यात आपटलं म्हणून भांडायला जायचं कारण नाही. आपल्याकडच्या कितीतरी बाळांना ते असतात आणि काही वर्षांत बहुधा आपोआप जातात. मुलाच्या किंवा मुलीच्या छातीला गाठ येते, मुलीला चार थेंब रक्त जातं, तेही आईच्या अंगातल्या संप्रेरकांचा उतरता अंमल. ती गाठ पिळून ‘दूध काढायची’ जुनी खोड मात्र घातक, त्याने पू होतो. नाक ओढून धारदार करणं, टाळूवर दाबून तेल भरणं, डोकं गोल करणं, या खटपटींची बाळाला गरज नाही. कवटीची हाडं जन्माच्या वाटेत एकमेकांवर सरकतात, म्हणून डोकं लांबट दिसतं, आणि थोड्या दिवसांत आपोआप जागेवर येतं. टाळूची मऊ जागा दीड वर्षापर्यंत उघडी राहू शकते. बाळ शांत बसवलेलं असताना ती फुगलेली दिसली किंवा खोल गेली, तर तेवढं वाचायचं.

खुब्याची तपासणी ही सगळ्यात अवघड. मांडीचं गोल डोकं वाटीत नीट बसलंय का, हे दोन बोटं आणि अंगठा सांगतात. इटलीच्या मारिनो ऑर्तोलानी यांनी १९३७ मध्ये आणि इंग्लंडच्या बार्लो यांनी १९६२ मध्ये सांगितलेल्या दोन हालचाली आहेत. एकीने निखळलेलं डोकं आत बसतं, दुसरीने सैल डोकं बाहेर सरकतं. आवाज होत नाही म्हणावा इतका बारीक. हाताला एक धक्का कळतो, दाराचा खिळा खाचेत बसावा तसा. हे पुस्तकातून येत नाही. सांधा निखळणारी खास बाहुली असते तिच्यावर, मग अनुभवी हाताशेजारी हात ठेवून, असं ते शिकतात. लवकर कळलं तर पट्ट्यांनी काम होतं, उशिरा कळलं तर शस्त्रक्रिया. इथे आपल्या एका रिवाजाला शाबासकी आणि एकाला टोचणी. लेकरू कडेवर घेण्यात पाय फाकलेले राहतात, ते खुब्याला चांगलं. दुपट्यात पाय सरळ करून घट्ट आवळणं वाईट. गुंडाळा, पण मांड्या मोकळ्या सोडा.

बाळ तपासायचं कुणी, हा प्रश्न परदेशी वेगळ्या रूपात आला. ब्रिटनमध्ये बाळाची ही तपासणी शिकाऊ डॉक्टर करत. सुइणींनी करावी का, यावर तिथे अभ्यास झाला आणि २००४ मध्ये निष्कर्ष आला की शिकवलेल्या सुइणी हे काम त्यांच्या तोडीचं करतात, आणि आयांशी बोलतात जास्त. आज तिथे जन्मापासून ७२ तासांच्या आत डोळे, काळीज, खुबे आणि मुलग्यांचे वृषण बघायचा नियम आहे. आपल्याकडे २०१३ मध्ये पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात सिस्टर, नर्सबाई आणि आशाताई यांनी जन्मजात व्यंगं शोधायची आहेत: फाटलेला टाळा, वळलेला पाय, पाठीच्या कण्यावरची गाठ, मोतीबिंदू. डोळ्याच्या बाहुलीत तांबूस चमक दिसायला हवी, मोबाइलच्या फ्लॅशमध्ये फोटोत डोळे लाल येतात ना, तीच. तिच्याजागी पांढरी चमक दिसली तर घाई करायची, कारण बघायला डोळा शिकत नाही, मेंदू शिकतो, आणि त्याला शिकायला मिळणारे पहिले आठवडे परत येत नाहीत.

घाई म्हणजे काय, हे या काठाला कळतं. कुगावच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की पलीकडे इंदापूरचा किनारा दिसतो आणि रस्त्याने जायचं तर मोठा वळसा. मे २०२४ मध्ये कुगाव-कळाशी बोट वादळात उलटली, सहा जीव गेले. सोलापूर इथून शंभरावर किलोमीटर. त्यामुळे ‘उद्या बघू’ आणि ‘आत्ता १०८ ला फोन लावा’ यांतला निवाडा उंबऱ्यातच व्हावा लागतो, आणि तो आशाताईच्या हातावर. हिवाळ्यात उसाच्या फडाकडेच्या कोपीत जन्मलेल्या, तोडणीवाल्यांच्या बाळाचं नाव तर तिच्या यादीतही नसतं. त्याची आई दुसऱ्या जिल्ह्यातली, टोळी महिन्याने पुढच्या गावी. त्यात गारठा, आणि नवजात बाळाला कुडकुडता येत नाही. मानेमागे आणि दोन खांद्यांच्या मधे असलेली तपकिरी चरबी जाळून ते ऊब करतं, आणि ती संपली की गार पडतं. त्याची तपासणी तळहाताच्या पाठीने: पोट ऊबदार आणि पाय गार, म्हणजे बाळ झगडतंय. पोटही गार, म्हणजे हरतंय. आईच्या उघड्या छातीवर घालायचं, वरून दोघांना पांघरायचं, आणि बाळ हरत असेल तर तसंच घेऊन गाडीत बसायचं. कोपी असो की स्लॅबचं घर, हे सारखंच.

समजा, चौदावा दिवस आहे. लेक पहिलटकरीण, म्हणून बाळंतपण माहेरी. सटवाईचं सगळं आटोपून गेलंय, कागद कोराच निघाला. आशाताईने घड्याळ समोर धरलंय, दुपटं वर उचललंय, आणि बाळाच्या पोटाकडे बघत ओठांत मोजतेय. आजी काहीतरी सांगायला लागते. आशाताई नजर न हलवता एक बोट वर करते. आजी गप्प. एक्केचाळीस, बेचाळीस. मिनिट संपतं. मग झोळी, मग काटा. तीन किलो चाळीस. जन्माचं होतं तीन.

‘आली म्हणायची उजनी प्लसमध्ये,’ आजी म्हणते, आणि चहाचं आधण ठेवायला उठते.